बोध आणि कैवार : मराठी मंडळीतल्या सहभागितेची पार्श्वभूमी

रविवारी चर्चमध्ये उपासनेला कोणी दिसले नाही की त्याला बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा दहावा अध्याय ऐकवला जातो : एकत्र मिळणे सोडू नका, एकमेकांना बोध करा. त्याच अध्यायात थोडे पुढे त्या पहिल्या वाचकांची हकिकत आहे. विश्वासापायी त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत विटंबना झाली होती आणि तरीही बंदीत पडलेल्यांना त्यांनी अंतर दिले नव्हते. तेव्हा ती हजेरीची ताकीद नव्हे. मार खाल्लेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे, ही विनवणी आहे.

तिथले मूळ ग्रीक क्रियापद ‘पाराकालेओ’ : जवळ बोलावणे, धीर देणे, समजावणे. त्यापासूनच आलेला ‘पाराक्लेतोस’ हा शब्द योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी येतो आणि तिथे मराठी बायबल ‘कैवारी’ म्हणते. एके ठिकाणी बोध, दुसरीकडे कैवार. आपल्याकडच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, आधी गरज पडली ती कैवाराची, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेतला की घर, जात, सोयरीक एकदमच तुटे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी सरकारला १८५० मध्ये कायदा करावा लागला. जमिनीवरचा हक्क कायद्याने राखला, पंगतीतले पान राखता आले नाही. लेखक बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावला झाला, कवी नारायण वामन टिळकांचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत. टिळकांचा तर संसारच मोडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलासह नातलगांकडे राहिल्या आणि दोघे पुन्हा एकत्र आले ते काही वर्षांनी.

अहमदनगर भागातल्या खेड्यांत विश्वास धरणारे बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावची विहीर त्यांना आधीपासूनच बंद होती. बरोबरीने बसून प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस, घेणे ही त्यांच्यासाठी केवढी गोष्ट असेल! जात मंडळीच्या दारातूनही आत शिरलीच, तेही लपवू नये. पण चर्चला आपल्या लोकांनी ‘मंडळी’ म्हटले, जो शब्द आपण घरच्या माणसांसाठी वापरतो, यात मला त्या काळाची सगळी भूक दिसते.

विखुरलेल्या या माणसांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टी हळूहळू उभ्या राहिल्या. १८४२ मध्ये अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघाले. १८६०च्या दशकात तिथेच कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, आणि परक्या चालींवर गाणाऱ्यांना आपल्या टाळ-वीण्याची साथ मिळाली. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी १९०५ मध्ये रोज एकत्र प्रार्थना करणाऱ्यांचा गट जमवला. त्यातल्या कितीतरी मुली दुष्काळात आणि वैधव्यात सगळे गमावून आलेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये तिथे मोठे आत्मिक संजीवन झाले.

सर्वांत धाडसी पाऊल टिळकांचे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही तिथे भाऊ होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबाराचे काम अर्धेच राहिले. त्यांची भजने घरोघरच्या प्रार्थनासभांत आजही म्हटली जातात.