आमवात व फुप्फुसविकारातील स्नायुक्षय

आमवात, म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांधे धरतो हे सर्वांना ठाऊक असते. तो स्नायूही झिजवतो, हे मात्र निदानानंतर कित्येक वर्षे रुग्णाच्या कानावर पडत नाही. त्यात फुप्फुसे निबर करणारा आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) हा विकार जडला, तर झीज दोन्हीकडून होते.

दाह वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन स्नायूंची मोडतोड वाढवते. प्राणी त्याने खंगतात असे दिसल्यामुळे एके काळी त्याला ‘कॅकेक्टिन’ म्हणत. फुप्फुसांच्या विकारात श्वास घेण्यातच शक्ती खर्ची पडते. चार पावलांत धाप लागते म्हणून माणूस चालणे टाळतो; न वापरलेले स्नायू आणखी दुबळे होतात आणि धाप आणखी लवकर लागते. दोन्ही आजारांत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे, विशेषतः मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास, मांड्या आणि खांदे अशक्त होतात.

ही झीज वजनकाट्यावर दिसेलच असे नाही. स्नायूंची जागा चरबी घेते, आकडा तोच राहतो आणि ‘तब्येत छान आहे’ असे म्हटले जाते. खरी खूण खुर्चीपाशी दिसते: उठताना माणूस दोन्ही हातांनी मांड्यांवर रेटा देतो, पहिल्या झटक्यात उठता येत नाही, मग पुढे झुकून पुन्हा जोर लावतो.

स्नायुक्षयाविषयीच्या आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत 28 आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी असल्यास ताकद कमी समजतात. पण आमवातात बोटे वाकडी, मनगट दुखरे; मग कमी आकडा स्नायूंचा की सांध्याचा, हे कसे ठरवायचे? म्हणून हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठण्याची चाचणी अधिक उपयोगी वाटते. तिला 12 सेकंद वा जास्त लागले, तर पुढची तपासणी हवी. अर्थात गुडघे, खुबे सुजलेले असल्यास हीही चाचणी जपूनच वाचावी. फुप्फुसांसाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये छातीचे आणि पाठीचे स्नायूही दिसतात. ते आवर्जून पाहावेत.

उपचारात आधी दाह आटोक्यात आणतात आणि स्टिरॉइडची मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात. ती रुग्णाने स्वतःहून बंद करणे धोक्याचे असते. पुरेशी प्रथिनेही लागतात. पूर्वी विश्रांतीवर भर असे. आता स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवतात. बेताबेताने वाढवल्यास त्याने सांधे बिघडत नाहीत. आयएलडी असेल तर हा व्यायाम पल्मनरी रिहॅबिलिटेशनमध्ये, म्हणजे फुप्फुसांच्या रुग्णांसाठीच्या देखरेखीखालील पुनर्वसन कार्यक्रमात, रक्तातील ऑक्सिजनवर लक्ष ठेवून करावा. बोटे गार पडली असतील तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. अशा वेळी कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर वापरतात.