स्की ताक्क्यूबिन

स्की ताक्क्यूबिन : जपानमध्ये बर्फावरील खेळांसाठी निघालेल्या प्रवाशाचे सामान (स्की, काठ्या, बूट, स्नोबोर्ड, कपड्यांची बॅग) घरून, विमानतळावरून किंवा शहरातील हॉटेलातून आगाऊ उचलून मुक्कामी पोहोचते करण्याची आणि सहल संपल्यावर माघारी धाडण्याची सेवा. यामातो या वाहतूक कंपनीने डिसेंबर १९८३ मध्ये ती या नावाने सुरू केली. पुढे इतर कंपन्यांनीही अशा सेवा काढल्या.

संज्ञा : ‘ताकु’ म्हणजे घर, ‘क्यू’ म्हणजे त्वरा आणि ‘बिन’ म्हणजे टपालाची वा मालाची खेप. ताक्क्यूबिन हे यामातोचे नोंदणीकृत नाव असून सर्वसामान्य संज्ञा ‘ताकुहाइबिन’ (घरपोच खेप) अशी आहे. आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हटले जाई, तसाच प्रकार जपानी बोलण्यातही आढळतो. प्रवाशाच्या बाजूने याच व्यवहाराला ‘तेबुरा’ म्हणतात. ‘ते’ म्हणजे हात. ‘बुरा’ हा लोंबणे-झुलणे या अर्थाच्या ‘बुराबुरा’ या अनुकरणवाचक शब्दाशी जोडला जातो. मराठीतील ‘हात हलवत’ हा वाक्प्रचार याच्या अगदी जवळचा, पण मराठीत हात हलवत येणाऱ्याची फजिती झालेली असते आणि तेबुरा निघालेल्याची सोय.

उगम : या सेवेच्या पूर्वपीठिकेविषयी दोन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ एडो काळातील (१६०३–१८६८) ‘हिक्याकु’ म्हणजे धावत्या जासुदांच्या परंपरेत आहे. शोगुन (त्या काळचे लष्करी राज्यकर्ते) व सरदार यांचे जासूद वेगळे असत. व्यापाऱ्यांसाठीचे नगर-हिक्याकु सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा १६६३ च्या सुमारास, ओसाका, क्योतो व एडो (आजचे टोकियो) यांच्यामध्ये नियमित धावू लागले. १८७१ मध्ये सरकारी टपाल सुरू झाल्यावर पत्रे त्यांच्या हातून गेली आणि त्यांच्या संघटना मालवाहतुकीकडे वळल्या. आजच्या निप्पॉन एक्सप्रेसची वंशरेषा त्यांच्यापर्यंत नेता येते. १९५७ मध्ये क्योतोत स्थापन झालेल्या सागावा कंपनीने आपल्या सेवेला हिक्याकुचे नाव दिले, त्यामुळे हे मत लोकांत रुजले असावे.

दुसरे मत रेल्वेकडे बोट दाखवते. जपानी राष्ट्रीय रेल्वेत तिकीट दाखवून सामान नोंदवले, की ते सामानाच्या डब्यातून गंतव्य स्थानकावर जाई. या पद्धतीला ‘चिक्की’ म्हणत. (शब्द इंग्रजी ‘चेक’वरून आलेला, लोणावळ्याशी संबंध नाही.) शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहराकडे निघालेल्यांच्या गाद्या-रजयांची गाठोडी अशीच जात. आपल्याकडील ब्रेकव्हॅनमधून लगेज बुक करण्याशी तिचे बरेच साम्य आहे. ही व्यवस्था १९८६ मध्ये बंद झाली.

हिक्याकुच्या व्यवहारात पाठवणारा आणि घेणारा या दोन व्यक्ती असतात. स्की ताक्क्यूबिनमध्ये त्या बहुधा एकच असतात : माणूस आपलेच सामान स्वतःच्या नावे पाठवतो आणि मागाहून तिथे जातो. हे लक्षण चिक्कीत आहे, हिक्याकुत नाही. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. फरक एवढाच, की चिक्कीचे सामान स्थानकावर जाऊन सोडवावे लागे.

इतिहास : यामातो कंपनी १९१९ मध्ये टोकियोत चार ट्रकांवर सुरू झाली. संस्थापकांचे पुत्र ओगुरा मासाओ (१९२४–२००५) यांनी घरगुती पार्सलांकडे लक्ष वळवले. त्या काळी टपालाने ६ किग्रॅ.पर्यंतचेच पार्सल जाई. रेल्वे ३० किग्रॅ.पर्यंत घेई, पण सुतळीने बांधून, चिठ्ठी अडकवून सामान स्थानकावर न्यावे लागे. २० जानेवारी १९७६ रोजी कांतो या टोकियोभोवतालच्या भागात ताक्क्यूबिन सुरू झाली. १० किग्रॅ.पर्यंतचे व तिन्ही बाजू मिळून १ मी.पर्यंतचे पार्सल, मूळ दर ५०० येन. पहिल्या दिवशी ११ पार्सले आली.

जपानमध्ये स्कीचे पद्धतशीर शिक्षण १९११ मध्ये, ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी टेओडोर फॉन लेर्ख यांनी ताकादा (आजचे जोएत्सु, नीगाता प्रांत) येथे सैनिकांना दिलेल्या धड्यांपासून धरले जाते. १९३१ मध्ये डोंगरांखालून जाणारा शिमिझू हा रेल्वे बोगदा खुला झाल्यावर टोकियोकरांना नीगाता प्रांतातील युझावाचा बर्फ जवळ आला. १९८२ मध्ये युझावावरून जाणारी जोएत्सु शिंकान्सेन (अतिवेगवान रेल्वे) सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी स्की ताक्क्यूबिन आली, हा केवळ योगायोग नसावा. तिची कल्पना नागानो भागातील कर्मचाऱ्यांना सुचली असे सांगितले जाते. १९८४ मध्ये याच धर्तीवर गोल्फच्या सामानाची सेवा निघाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्की करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाखांवर गेली होती. नंतर ती बरीच उतरली.

कार्यपद्धती : व्यवहाराचा आधार म्हणजे ‘ओकुरिजो’ ही चिठ्ठी. तिच्यावर हॉटेलचे नाव, पत्ता, दूरध्वनी, मुक्कामाची तारीख आणि आरक्षण ज्या नावाने आहे ते नाव लिहितात. शेवटची बाब परदेशी प्रवासी हमखास चुकतात : सामान पत्नीच्या नावे आणि खोली पतीच्या नावे असली, की स्वागतकक्षातील माणूस दोन याद्या समोर घेऊन बसतो. खेळाची तारीख वेगळी नोंदवतात, कारण सामान आदल्या दिवसापर्यंत पोहोचवण्याचा प्रघात आहे. दिवसा गोळा केलेला माल रात्रीतून एका मोठ्या केंद्राकडून दुसऱ्याकडे जातो व सकाळी स्थानिक गाडीवर चढतो. त्यामुळे टोकियोहून युझावा किंवा नागानोतील हाकुबा येथे तो सामान्यतः दुसऱ्या दिवशी मिळतो; उत्तरेकडील होक्काइदो बेटावरील निसेकोसाठी आणखी एक दिवस धरावा. हिमवादळात ही गणिते कोलमडतात. एका रात्रीचे कपडे व औषधे जवळच्या पिशवीत ठेवावीत, हा सल्ला जुना आहे आणि बरोबर आहे.

सध्या यामातो तिन्ही बाजू मिळून २०० सेंमी. व ३० किग्रॅ.पर्यंतचे सामान घेते. रोख रक्कम व पासपोर्ट स्वीकारले जात नाहीत. हिमस्खलनात फुगणाऱ्या सुरक्षा-पाठपिशवीतील दाबाखालच्या गॅसचे नळकांडे सामानात असेल, तर ते आधी सांगावे लागते. अशी खेप विमानाने जात नाही आणि होक्काइदोला पोहोचण्यास जास्त दिवस घेते.

परतीचे सामान हॉटेलातच सुपूर्द करतात. बूट आदल्या रात्री ‘कान्सोशित्सु’ या वाळवणीच्या खोलीत ठेवलेले असतात. स्कीच्या कडांवरचे पाणी पुसून त्यांवर प्लास्टिकचे लांब आवरण चढवतात. सकाळी दाराशी ही आवरणे भिंतीला टेकवून ओळीने उभी असतात, प्रत्येकीवर एक चिठ्ठी, आणि खाली फरशीवर वितळलेल्या बर्फाचे थारोळे.

रेल्वेचे नियम : तोकाइदो, सान्यो व क्यूशू शिंकान्सेनमध्ये मे २०२० पासून तिन्ही बाजू मिळून १६० सेंमी.हून मोठ्या बॅगेसाठी जागा आरक्षित करावी लागते. हा नियम स्कीलाही लागू असल्याचा समज आढळतो. तो चुकीचा आहे; खेळाचे साहित्य त्यातून वगळले आहे. शिवाय युझावा वा नागानोकडे टोकियोहून जाणाऱ्या गाड्या या मार्गांवरच्या नाहीत. तेव्हा सामान पुढे पाठवणे ही सक्ती नसून सोय आहे.

सद्यःस्थिती : चालकांच्या टंचाईमुळे यामातोने जून २०१७ मध्ये दुपारी १२ ते २ ही घरपोच देण्याची वेळ बंद केली. एप्रिल २०२४ पासून ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची कायदेशीर मर्यादा आली असून लांब पल्ल्याच्या काही मार्गांवर खेपेची मुदत एक दिवसाने वाढली आहे.