रुई (उद्यानातील लागवड)

(सं. अर्क, हिं. आक, मदार; लॅ. कॅलोट्रोपिस जायगँशिया; कुल–ॲपोसायनेसी, जुन्या वर्गीकरणात ॲस्क्लेपीएडेसी). पडीक रानातले हे २–४ मी. उंचीचे बहुवर्षायू झुडूप अलीकडे कमी पाण्याच्या बागेत मागच्या ओळीला मुद्दाम लावले जाते. मारुतीच्या माळेमुळे ते सर्वांच्या ओळखीचे आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीचा समावेश ॲस्क्लेपिअस प्रजातीत केला होता. सध्याचे लॅटिन नाव १८११ पासूनचे आहे. संस्कृत नावांची सांगड मात्र वादग्रस्त आहे. साधारणतः सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात पांढऱ्या फुलाच्या झाडाला मंदार व तांबड्याला अर्क म्हटले आहे. त्यावरून काही अभ्यासक मंदार म्हणजे जायगँशिया व अर्क म्हणजे कॅलोट्रोपिस प्रोसेरा ही जवळची दुसरी जात, असे समीकरण मांडतात. परंतु जायगँशियातच पांढरी व जांभळट अशी दोन्ही फुले आढळतात. त्यामुळे रंगापेक्षा पाकळ्यांची ठेवण पाहणे अधिक सुरक्षित. जायगँशियाच्या पाकळ्या पसरट किंवा मागे वळलेल्या असतात, तर प्रोसेराच्या उभट, पेल्यासारख्या व टोकाला जांभळ्या असतात. रोप घेताना हाच भेद उपयोगी पडतो.

परागण : केसरदले (फुलाचे पुं-भाग) व किंजल्क (स्त्री-भागाचे टोक) मिळून फुलाच्या मध्यभागी पंचकोनी स्तंभ बनतो. पराग सुटे नसतात. ते मेणचट परागपुंजांत बांधलेले असून दोन पुंज एका चिमटीवजा ग्रंथीला जोडलेले असतात. स्तंभाभोवतीच्या मांसल तोरणात मकरंद साठतो. तो घेताना कीटकाचा पाय किंवा त्यावरील केस परागकोशांमधल्या फटीत अडकतो आणि पाय ओढून काढताना चिमटीसह पुंजांची जोडी बाहेर येते. पुढच्या फुलाच्या फटीत पुंज शिरला तरच फलन होते. यासाठी ताकद लागत असल्याने सुतार भुंगे (झायलोकोपा) हे मुख्य वाहक मानले जातात. लहान माश्या येतात, पण त्यांचा उपयोग बहुधा थोडाच. एकट्या झाडाला फुले भरपूर आणि फळे क्वचित, हे नेहमीचे दृश्य. स्वपरागणाने फळधारणा कमी होते, असा अनेकांचा निष्कर्ष आहे. म्हणून एकाच झाडाच्या फांद्या लावण्याऐवजी बियांची दोन-तीन रोपे लावावीत. भुंग्यांना घरट्यासाठी जवळपास वाळका बांबू किंवा जुने लाकूड राहू द्यावे.

लागवड : पेटीफळ (एका बाजूने उकलणारे फळ) तपकिरी होताच, फुटण्यापूर्वी काढून बियांवरचा कापूस वेगळा करावा. ताजे बी दोन भाग वाळू व एक भाग माती भरलेल्या सुमारे २५ सेंमी. उंच पिशवीत अर्धा-एक सेंमी. खोल पेरावे. चार-सहा पाने येताच, सोटमूळ तळाशी गुंडाळण्याआधी, पावसाच्या सुरुवातीस रोप जागेवर लावावे. मोठे झाड उपटून लावल्यास सहसा जगत नाही. अंतर १·५–२ मी. काळ्या जमिनीत मुरूम मिसळून उंचवटा करावा, अन्यथा साचलेल्या पाण्याने बुंधा कुजतो. छाट कलम करायचे असल्यास २०–२५ सेंमी.चा तुकडा सावलीत दोन दिवस ठेवून चीक सुकू द्यावा. पहिल्या वर्षी पावसाच्या खंडात ८–१० दिवसांनी पाणी द्यावे. नंतर सहसा लागत नाही. खत-पाणी जास्त झाले की फांद्या लांबट व ठिसूळ होतात आणि पिवळा मावा (एफिस नेरी) कोवळ्या शेंड्यांवर दाटतो. त्यावर कीटकनाशक फवारू नये. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. अळी आधी शीर कुरतडून चीक वाहू देते व मग पान खाते. मावा बोटांनी पुसावा किंवा शेंडा खुडावा.

छाटणी जूनच्या आरंभी ३०–४५ सेंमी.वर, पण सर्व झाडांची एकदम करू नये. चिकात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे (विषारी द्रव्ये) असतात. तो डोळ्यात गेल्यास सुरुवातीला दुखत नाही, पण स्वच्छमंडलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) सूज येऊन दृष्टी धूसर होते. भरपूर पाण्याने डोळा धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. हातमोजे व चष्मा घालूनच छाटणी करावी. झाड काढून टाकायचे असल्यास सोटमूळ खणावे लागते, कारण नुसते तोडल्यास बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात.