प्रोजेक्ट लेट झालाय? अजून माणसं टाका, अजून लेट होईल

सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट लांबायला लागला की वरच्या मीटिंगमध्ये एकच गणित मांडतात. काम एवढं उरलंय, आठवडे एवढे उरलेत, करा भागाकार, माणसं कमी पडतायत ना मग घ्या अजून, बजेटचं आम्ही बघतो. हे गणित चुकतंय असं त्या खोलीत फार कमी जणांना वाटतं, आणि ज्याला वाटतं तो बोलत नाही, कारण समोरून मदत येत असताना "नको" म्हणणारा टीम लीड म्हणजे एकतर याला काही कळत नाही नाहीतर हा काहीतरी लपवतोय असंच सगळे धरून चालतात.

फ्रेड ब्रुक्स या माणसाने हे सगळं ६० वर्षांपूर्वीच भोगून झालंय. आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम/३६० हे कॉम्प्युटर जाहीर केले आणि त्यांच्यावर चालणाऱ्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमची जबाबदारी ब्रुक्सकडे होती. हे काम ऐन भरात असताना त्यावर हजाराच्या वर माणसं होती, १९६३ ते १९६६ या काळात मिळून जवळपास ५००० मनुष्य-वर्षं (एका माणसाचं वर्षभराचं काम म्हणजे एक मनुष्य-वर्ष) त्यात गेली, तरीही सॉफ्टवेअर वेळेवर आलं नाही. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं आणि त्यातलं एक विधान पुढे ब्रुक्सचा नियम म्हणून प्रसिद्ध झालं, ते असं की आधीच लेट झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर तो आणखी लेट होतो. आपण हे फार सोपं करून सांगतोय असं त्यांनी तिथेच म्हणून ठेवलंय, पण ते सोयीस्करपणे कोणी सांगत नाही.

आता ते भागाकाराचं गणित जरा नीट करून बघू. समजा पाच जणांची टीम आहे, डेडलाइनला चार आठवडे उरलेत आणि काम मात्र सहा आठवड्यांचं आहे, म्हणजे पाच गुणिले सहा, ३० माणूस-आठवडे. मॅनेजर ३० ला ४ ने भागतो, साडेसात येतात, आठ धरू, म्हणून तिघं नवीन घेतो. ही तिघं हुशार आहेत असं धरू, सोमवारी सकाळी हजर होतात असंही धरू (असं कधीच होत नाही). प्रोजेक्ट समजायला त्यांना चार आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात प्रत्येक जण एका जुन्या माणसाचा निम्मा वेळ खातो. म्हणजे पाचातून दीड वजा, उरले साडेतीन, चार आठवड्यात काम झालं १४. डेडलाइनच्या दिवशी अजून १६ बाकी. कोणालाच घेतलं नसतं तर २० झालं असतं आणि १० उरलं असतं! त्यानंतर आठही जण पूर्ण जोरात लागले तर उरलेल्या १६ ला दोन आठवडे, एकूण सहा. म्हणजे जिथे होतो तिथेच, फक्त ३० माणूस-आठवड्यांच्या जागी ४८ चा पगार गेला.

आणि हे सगळं छान छान धरून हां. पाच जणांत बोलायच्या जोड्या १० होतात, आठ जणांत २८, कारण n माणसं असली की n(n-1)/2 जोड्या. प्रत्येक जोडी रोज बोलते असं काही नाही, पण कोणी काय बदललं हे कोणाला तरी कळायला लागतं, मीटिंगा लांबतात, पाच जणांत वाटलेलं काम पुन्हा आठ जणांत वाटायला लागतं आणि ते वाटायचं कोणी तर ज्याला सगळ्यात जास्त माहितीये त्यानेच. यातला थोडासा जरी वेळ धरला तरी सहाचे साडेसहा नाहीतर सात आठवडे कसे होतात ते कळणारही नाही.

भिंतीला रंग द्यायचा असता तर हा भागाकार चालला असता, चार कोपरे चार जण, कोणाला कोणाशी बोलायची गरज नाही, उशिरा आलेल्याच्या हातात ब्रश दिला की झालं. सॉफ्टवेअरमध्ये घोडं वेगळ्याच ठिकाणी अडतं. टायपिंग हा कामाचा अगदी बारका भाग आहे, खरं काम म्हणजे हा कोड असा का आहे हे माहीत असणं, आणि ती माहिती बऱ्याचदा दोन-तीन डोक्यांतच असते, कागदावर नसते. प्रोजेक्टमध्ये टंचाई असते ती या दोन-तीन जणांच्या वेळेची. नवीन माणूस नेमकी तीच गोष्ट खर्च करतो.

नवीन आलेला पहिल्या दिवशी काय करतो बघा. कोड मशीनवर उतरवून घेतो, बिल्ड मारतो, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला जातो, बिल्ड फुटतो, कारण कुठलीतरी एक सेटिंग फक्त जुन्यांच्या मशीनवर आहे आणि ती लिहून ठेवायची राहिलीये. मग तो विचारतो. ज्याला विचारतो तो दोन तास एका बगच्या मागे असतो, डोक्यात सहा-सात गोष्टी एकदम धरून बसलेला, त्या सगळ्या सुटतात. डेटाबेसची परवानगी दोन दिवसांनी मिळते. मग याला एक छोटंसं काम देतात, ते करताना त्याला एक विचित्र ओळ दिसते, रक्कम शून्य असेल तर पुढचं काहीच न करता परत फिरा अशी. याला वाटतं हे कोणीतरी घाईत टाकलंय, शून्य रकमेचं बिल असू शकतं की, आणि तो ती ओळ काढतो, टेस्ट सगळ्या पास. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सिस्टिमकडून रद्द झालेले व्यवहार शून्य रक्कम लावून यायचे म्हणून ती ओळ टाकली होती, हे एकाच माणसाला माहीत असतं आणि त्याच्यासमोर रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, आधीच अकरा बदल साठलेले असतात, तो वरवर बघून ओके देतो. पुढचा आठवडा त्या रद्द व्यवहारांच्या डुप्लिकेट नोंदी निस्तरण्यात जातो. यात नवीन माणसाचा काही दोष नाही आणि जुन्याचाही नाही.

पैशाचं काय? पैशाने विकत मिळणारी गोष्टच कमी पडत असेल तर पैसा जरूर कामाला येतो. टेस्टिंगचा सर्व्हर एकच आहे आणि सगळे रांगेत उभे आहेत तर अजून दोन घ्या, फरक त्याच दिवशी दिसेल. पण मोठी रक्कम मंजूर झाली की तिच्या मागून हिशेब येतो, दर आठवड्याचा रिपोर्ट येतो, आणि एवढे पैसे दिलेत तर हेही एक फीचर त्यात बसवा हे येतंच येतं.

एफबीआय या अमेरिकेच्या तपास संस्थेचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. त्यांच्या केसच्या फायली सांभाळणारी 'व्हर्च्युअल केस फाइल' ही सिस्टिम बनवायला घेतली, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर घाई वाढली, पैसे वाढले, मागण्या तर सतत बदलत राहिल्या, आणि २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर घालवून ती गुंडाळली. २००६ मध्ये 'सेंटिनेल' नावाने नव्याने काम सुरू झालं, मोठ्या कंपनीला कंत्राट दिलं, तेही रखडलं. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हातात घेतलं आणि माणसं वाढवायच्या ऐवजी कंत्राटी लोक मोठ्या प्रमाणात कमी केले, छोट्या टीमने थोडं थोडं करून दाखवायला सुरुवात केली, आणि जुलै २०१२ मध्ये सिस्टिम चालू झाली.

उलटं उदाहरणही आहे, ते सांगितलं नाही तर लबाडी होईल. अमेरिकेची आरोग्य विम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही साइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी तिच्यावर फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. मग बाहेरून माणसं आणली आणि दोन महिन्यांत साइट बऱ्यापैकी चालायला लागली. तर नियम खोटा? माझ्या मते नाही. आलेली मंडळी मोजकीच होती, मोठ्या साइट चालवून हात बसलेली, आणि त्यांनी नवीन फीचर लिहायला न घेता आधी साइट नेमकी कुठे अडतेय हे दिसेल असं मॉनिटरिंग बसवलं, रोज दोनदा सगळ्यांना एकत्र बसवलं, आणि बोलायचं त्याने ज्याला त्या प्रश्नाची माहिती आहे, पद काही का असेना. तोवर सगळे कंत्राटदार आपापल्या तुकड्यापुरतं बघत होते.

वेळेचाही मोठा फरक पडतो. वरच्याच गणितात डेडलाइन चार आठवड्यांऐवजी सहा महिन्यांवर असती तर तिघांचं शिकणं केव्हाच वसूल झालं असतं. अब्देल-हमीद आणि मॅडनिक या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर मॉडेल करून हेच तपासलं, १९९१ च्या त्यांच्या पुस्तकात निष्कर्ष असा की माणसं वाढवल्यावर खर्च नक्की वाढतो, उशीर मात्र दर वेळी वाढतोच असं नाही. ब्रुक्सनी १९९५ च्या आवृत्तीत त्याची दखल घेतली आणि तरी आपलं विधान ढोबळ अंदाज म्हणून कायम ठेवलं.

अडचण ही की लेट झालाय हे मुळात कबूलच शेवटी शेवटी होतं. ९० टक्के झालंय, ९० टक्के झालंय असं दोन महिने ऐकल्यावर एक दिवस भांडं फुटतं आणि तेव्हा शिकवायला वेळ नसतो. त्या क्षणी हातात दोनच खऱ्या गोष्टी असतात, तारीख पुढे ढकलणं किंवा फीचर कापणं, आणि दोन्हींसाठी कोणाला तरी वाईट बातमी सांगायला लागते. दहा माणसं घेतली हे मात्र रिपोर्टमध्ये झकास दिसतं.