बारीक पाइप टाकून प्रेशर वाढत नाही

लॉनला स्वतः स्प्रिंकलर बसवायला घेतलं की कुणीतरी सांगतंच, "अर्ध्या इंचाचा पाइप टाक, प्रेशर वाढेल." पुरावा म्हणून नळीच्या तोंडावर अंगठा दाबून दाखवतात. पाणी लांब उडतं, खरं आहे. पण अंगठा फक्त तोंडाशी असतो, आणि ते काम स्प्रिंकलरचं नोझल करतंच. सगळी लाइनच बारीक केली की पाणी वाटभर घासत जातं. तेवढंच पाणी एक इंचाऐवजी अर्ध्या इंचातून नेलं, तर घर्षणात वाया जाणारा दाब साधारण ३० पट होतो! शेवटचा स्प्रिंकलर मग फवारत नाही, नुसता थुंकतो.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी नोझलपेक्षा १० मीटर उंच असेल, तर दाब मिळतो जेमतेम १ बार (बार हे दाबाचं माप). पॉप-अप, म्हणजे पाणी सुरू झालं की जमिनीतून वर येणाऱ्या स्प्रिंकलरला लागतात साधारण २. तिथे जाड पाइपही काही करू शकत नाही, पंपच हवा. खोदण्याआधी बादली लावून बघा: १५ लिटर भरायला ३० सेकंद लागले, तर मिनिटाला ३० लिटर. एका वेळी किती नोझल चालतील, ते यावरून ठरतं.