शिकारी पक्ष्यांची परसदारी गणना (मराठवाडा)

पावसाळा सरल्यावर उत्तरेकडून येणारे गरुड, ससाणे, भोवत्या असे शिकारी पक्षी अंगणातून, गच्चीवरून किंवा माळवदावरून पाहून तासवार मोजण्याचा छंद. मराठवाड्यात याचा हंगाम साधारण घटस्थापनेपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत चालतो.

अशा मोजणीची सर्वांत प्रसिद्ध जागा म्हणजे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे हॉक माउंटन. तिथे १९३४ पासून गणना होते. तिथली डोंगररांग पक्ष्यांच्या वाटेलाच समांतर आहे. जॉर्जिया देशातील बातुमीत एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर; त्या चिंचोळ्या पट्ट्यातून एका हंगामात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. मराठवाड्यात पक्ष्यांना असे एका वाटेला लावणारे काही नाही. अजिंठ्याची रांग पूर्व-पश्चिम, म्हणजे वाटेला आडवी. पुढे सगळे मोकळे पठार. पक्षी विखरून जातात, त्यामुळे दिवसभरात चार-पाच दिसले तरी दिवस सत्कारणी लागला असे समजावे. तिकडचे आकडे वाचून गच्चीवर चढणारा आठवड्यात खाली उतरतो.

खरी मेख घारीत आहे. आपली घार बारमाही. ती गावावर घिरट्या घालते, खाटकाच्या दुकानाकडे उतरते, पुन्हा वर येते. तिला मोजायचे नसते. पण थंडीच्या तोंडावर उत्तरेकडच्या घारीही येतात. त्या अंगाने थोराड असतात आणि पंखांखाली टोकाकडे त्यांना पांढरट पट्टा ठळक दिसतो. त्यात बूटेड गरुडाचे काळपट रूप लांबून थेट घारीसारखे भासते. घारीची शेपटी दुबेळकी, गरुडाची सरळ कापल्यासारखी. आणि समोरून येताना गरुडाच्या पंखांच्या मुळाशी दोन पांढरे ठिपके चमकतात. स्टेप गरुड आकारानेच वेगळा कळतो. भोवत्या पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून, जमिनीलगत झुलत जातो. भोवत्याच्या दोन जातींच्या, माँटेग्यूचा आणि फिका यांच्या, माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. तिथे हट्टाने नाव लिहू नये, ‘भोवत्या, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे.

सकाळी नऊ-दहाच्या सुमारास काळी जमीन तापू लागली की गरम हवेचे स्तंभ वर चढतात. पक्षी त्यांत पंख न हलवता गोल फिरत उंची गाठतात आणि मग पंख किंचित आवळून दक्षिणेकडे घसरत निघतात. घिरट्या घालणारा थवा मोजायला गेले की एकच पक्षी तीनदा मोजला जातो. थवा स्तंभ सोडून रांगेने निघाला की मग मोजावे. दुपारी ते इतके वर जातात की निरभ्र निळ्या आभाळात अक्षरशः विरघळतात. पांढरे ढग असतील तर त्यांच्यावर काळा ठिपका चटकन सापडतो. गणना करणाऱ्याला ऑक्टोबरचे स्वच्छ आभाळ आवडत नाही, ते यामुळेच.

साहित्य फारसे लागत नाही: ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, वही, टोपी. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. वहीत तास, वाऱ्याची दिशा, ढग, जात, संख्या आणि पक्षी कुठे निघाला ते असते. तासाभरात काही न दिसल्यास तलाठी दप्तरातला शब्द कामी येतो: निरंक. हा रकाना अनेक जण गाळतात आणि तिथेच वही निरुपयोगी होते. आकडे लहान असले की किती वेळ पाहिले यावरच त्यांचा अर्थ ठरतो. म्हणून दरवर्षी तेच माळवद आणि तेच तास.

सगळे पक्षी पुढे जात नाहीत. भोवत्या हिवाळाभर माळरानांवर आणि ज्वारीच्या शिवारांत नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी टिपत राहतात. पैठणच्या नाथसागरावर मासेमार ऑस्प्रे थांबतो. अमूर ससाणा मात्र पुढचाच प्रवासी. २०१३ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ तीन ससाण्यांवर उपग्रह-यंत्रे बसवली, तेव्हा ते द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेला गेल्याचे कळले. तो रात्रीही उडतो, उंचावरून उडतो. परसदारच्या वहीत त्याची नोंद क्वचितच होते.