जुना पिकअप, मागे ट्रेलर आणि एक्सलमधला ३.०८: हा रेशो आला कुठून

अमेरिकेत १९८२ ते ९८ च्या दरम्यानचा हाफ-टन (मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग) पिकअप घ्यायचा, मागे बोट नाहीतर कॅम्पर जोडायचा आणि पहिल्याच मोठ्या चढाला गाडी रडायला लागली की इंजिनाच्या नावानं बोटं मोडायची, हे नेहमीचंच. खरं तर बऱ्याचदा इंजिन बिचारं ठीक असतं, मागच्या एक्सलमधे ३.०८ बसलेला असतो, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ३.०८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं; आकडा मोठा तेवढी खेच जास्त, पण इंजिनही जास्त फिरतं. शेवीची (शेव्हरोलेची) गाडी असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या स्टिकरवर बघा, जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०. फोर्डचा एक्सल कोड ड्रायव्हरच्या दाराच्या स्टिकरवर असतो. हे आधी बघायचं, कार्ब्युरेटर आणि इंजेक्टर नंतर उघडायचे.

जुना काळ पटकन उरकतो कारण तेव्हा वादच नव्हता. १९१७ चा फोर्ड टीटी ट्रक ७.२५ च्या वर्म ड्राइव्हवर यायचा, रस्ते कच्चे, वेग नावालाच, त्यामुळे खेचणं हेच काम. चाळीसच्या दशकाअखेरच्या शेवीत हाफ-टनला ४.११, पाऊण टनाला ४.५७ आणि एक टनाला ५.१४ असा सरळ हिशोब होता, जेवढं वजन तेवढा मोठा आकडा. १९५६ च्या कायद्यानंतर इंटरस्टेट हायवे पसरले, व्ही-८ इंजिनं मोठी झाली, आकडे जरा खाली आले, तरी सत्तरच्या दशकात कॅम्पर ओढणारा माणूस तीन गियरचा ऑटोमॅटिक आणि ३.७३ किंवा ४.१० घ्यायचा आणि पेट्रोलचा विचार करायचा नाही.

मग ऑक्टोबर १९७३ चा तेलाचा बहिष्कार आला. ७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा लागली, ७५ मधे मायलेजचा कायदा झाला, कार्सना ७८ च्या मॉडेलपासून आणि हलक्या ट्रकना ७९ पासून तो लागू झाला. आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार लोक सांगत नाहीत. ट्रकसाठी हा नियम आधी ६००० पाउंड एकूण वजनापर्यंतच होता, ८० च्या मॉडेलपासून तो ८५०० पर्यंत नेला. म्हणजे ८५०० च्या वरची गाडी त्या हिशोबातच नव्हती! म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, लांबून सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक सापडतो. शेवीचा ८८ नंतरचा २५०० घ्या, सहा नटांच्या चाकांचा ७२०० पाउंडवाला वेगळा आणि आठ नटांचा ८६०० वाला वेगळा, आणि ८६०० हा आकडा काही योगायोगानं आलेला नाही. आठ नटांच्या गाडीखाली मोठा फुल-फ्लोटिंग एक्सल (ज्यात गाडीचं वजन चाक फिरवणाऱ्या शाफ्टवर येत नाही) आणि बहुतेक वेळा ३.७३ किंवा ४.१०. टोइंगसाठी जुनी गाडी शोधणाऱ्यानं आधी नट मोजावेत हे माझं स्पष्ट मत.

मायलेजचा सगळा भार मग हाफ-टनवर पडला. एक्सलचा आकडा कमी केला की इंजिन हळू फिरतं, पेट्रोल वाचतं, नवीन इंजिन डिझाइन करावं लागत नाही, सगळ्यात स्वस्त उपाय. ५५ च्या स्पीडला तो खपूनही गेला. सपाट रस्ता, मागे ट्रेलर नाही, मालक खूश.

आणि १९८२ मधे जनरल मोटर्सचा ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, चार गियर, वर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (म्हणजे शेवटचा गियर, ज्यात इंजिन मागच्या शाफ्टपेक्षा हळू फिरतं). फोर्डचा एओडी त्याच्या आधी १९८० लाच आला होता, तिथे ओव्हरड्राइव्ह ०.६७. खरी भांडणं इथून सुरू होतात आणि आजही मिटलेली नाहीत.

ओव्हरड्राइव्ह आल्यावर कंपनीपुढे दोन रस्ते होते. एक म्हणजे मागे ४.१० तसाच ठेवायचा. ४.१० गुणिले ०.७० म्हणजे २.८७, म्हणजे रिकामी गाडी हायवेवर २.८७ च्या एक्सलसारखी शांत पळणार आणि ट्रेलर लावला की तिसऱ्या गियरमधे पूर्ण ४.१० हाताशी. दोन्ही हातात लाडू. दुसरा रस्ता म्हणजे मागे ३.०८ लावायचा आणि वर ओव्हरड्राइव्ह, दोन्हीकडून पेट्रोल वाचवायचं, शेवटचा आकडा २.१६. बहुतेक हाफ-टन गाड्यांना दुसरा रस्ता मिळाला. ३.७३ आणि ४.१० ऑप्शन म्हणून यादीत होते, पण शोरूममधे उभ्या गाड्या डीलरनं मायलेजचा स्टिकर बघून मागवलेल्या, त्यामुळे टोइंग पॅकेज टिकमार्क करून मागवणारा माणूस विरळाच.

कंपनीच्या बाजूनं बोलणारे जे म्हणतात ते मात्र अगदीच फेकाफेकी नाही. ७००आर४ चा पहिला गियर ३.०६ आहे, जुन्या तीन गियरच्या टीएच३५० चा २.५२. गियर आणि एक्सलचा गुणाकार म्हणजे एकूण खेच. ३.०६ गुणिले ३.०८ केलं तर ९.४२. जुन्या गाडीचं २.५२ गुणिले ३.७३ केलं तर ९.४०. म्हणजे बोट पाण्यातून रॅम्पवर ओढताना दोन्ही गाड्या सारख्याच! कागदावर कुणाला काही गमवावं लागलं नाही असं दिसतं, आणि हा युक्तिवाद खरोखर चलाख आहे.

गोची पुढच्या गियरपासून. दुसऱ्यात जुनी गाडी ५.६७, नवी ५.०२. तिसऱ्यात जुनी ३.७३, नवी ३.०८. आणि घाट पहिल्या गियरमधे कोण चढतं? ३० इंची टायर धरा आणि ताशी ६० मैल. तिसऱ्या गियरमधे ३.०८ वर इंजिन २०७० आरपीएमला, ३.७३ वर साधारण २५०० ला, ४.१० वर २७५० ला. त्या काळच्या इंजेक्शनवाल्या शेवी ३५० व्ही-८ इंजिनाचा टॉर्क सगळ्यात जास्त मिळतो तो २४०० ते २८०० च्या पट्ट्यात. म्हणजे ३.०८ वाला बरोबर त्या पट्ट्याच्या खाली घुसमटत राहतो, दाबलं की गाडी दुसऱ्यात पडते आणि इंजिन एकदम ३४०० च्या आसपास बोंबलायला लागतं, जरा सोडलं की पुन्हा तिसऱ्यात, पुन्हा दम संपला. दुसऱ्याच्या १.६३ आणि तिसऱ्याच्या १.०० मधे एवढी मोठी दरी आहे की मधली जागाच नाही. कोलोरॅडोत आय-७० वरनं आयझेनहॉवर बोगद्याकडे जाताना हे जास्तच जाणवतं कारण तिथं उंची ११ हजार फुटांच्या वर आणि टर्बो नसलेलं इंजिन तेवढ्या उंचीवर साधारण तीस टक्के ताकद आधीच गमावून बसलेलं असतं.

आणि ओव्हरड्राइव्हमधे ट्रेलर ओढणारे तर वेगळेच. ६० ला ३.०८ आणि ०.७० म्हणजे जेमतेम १४५० आरपीएम, गाडी सतत तिसरा-चौथा करत राहते, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) लॉकअप लागतं-सुटतं, तेल तापतं आणि गिअरबॉक्स जळतो. मग नाव खराब कुणाचं, ७००आर४ चं. सुरुवातीचे ७००आर४ नाजूक होतेच, ८४ पर्यंतचा इनपुट शाफ्टसुद्धा बारीक होता, आणि टीव्ही केबल नीट ॲडजस्ट केली नाही तरी तो जळतो (टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, दूरदर्शन नव्हे). पण जळलेल्या कित्येक बॉक्सचं पाप एक्सलच्या माथी जायला हवं होतं असं मला वाटतं.

१९८७ ला ग्रामीण इंटरस्टेटवर ६५ ची परवानगी आली, ९५ ला राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली, आणि आता उलट बाजूचे लोक अडकले. सत्तरच्या दशकातला सी२० (शेवीचा पाऊण टन), टीएच४०० (तीन गियरचा ऑटोमॅटिक), ४.१० आणि ओव्हरड्राइव्ह नाही, तो ५५ ला आरामात २५०० वर चालायचा, आज ७० ला ३२०० वर किंचाळतो. अशा गाडीत ४.१० काढून ३.०८ लावा असं सांगणारे भेटतात, ऐकू नका, एक्सल तसाच ठेवून ०.७५ च्या ओव्हरड्राइव्हचा ४एल८०ई गिअरबॉक्स शोधा, महाग आहे पण रोग तिथला आहे.

डिझेलची गोष्ट पूर्ण वेगळी आणि तिचा सल्ला पेट्रोलवाल्यांनी घेऊ नये. १९८९ चा कमिन्सवाला डॉज ३.०७ एक्सल आणि तीन गियर घेऊन आला आणि तरी डोंगर ओढायचा, कारण ४०० फूट-पाउंड टॉर्क १७०० च्या आसपासच मिळायचा आणि गव्हर्नर २५०० ला लगाम खेचायचा. त्याला ४.१० दिला असता तर ६० गाठायच्या आधीच इंजिन थांबा म्हणालं असतं. पुढे इंटरकूलर आणि ओव्हरड्राइव्ह आला तेव्हा एक्सल ३.५४ झाला, म्हणजे शेवी-फोर्डच्या हाफ-टनना जो पहिला रस्ता मिळाला नाही तो इथे मिळाला.

कॅटलॉगमधले टोइंगचे आकडेही जपून वाचावेत. ३.४२ च्या जागी ३.७३ घेतला की त्याच गाडीचं रेटिंग हजारेक पाउंड वाढलेलं दिसायचं, पण ते मोजायची प्रत्येकाची पद्धत आपापली. इंजिनिअरांच्या संघटनेनं सामायिक पद्धत लिहिली ती २००८ ला, त्यात ॲरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळचा डेव्हिस डॅमचा चढ, उन्हाळा, एसी फुल आणि ताशी ४० मैलांच्या खाली जायचं नाही. बहुतेक कंपन्यांनी ती मनावर घेईपर्यंत २०१५ उजाडलं. तुमच्या ९२ च्या गाडीचा आकडा या पद्धतीनं कधीच तपासलेला नाही.

आणि सध्याचा गोंधळ म्हणजे नव्या ट्रकवाल्यांचं "३.५५ भरपूर झाला". त्यांच्या गाडीत दहा गियर आहेत, पहिला ४.७० चा, ३.५५ शी गुणला तर १६.७, जुन्या टीएच४०० आणि ४.१० ला तोच आकडा १०.२ होता. दोन गियरमधली दरीही छोटी. त्यांच्यासाठी बरोबरच आहे, चार गियरच्या गाडीला तो सल्ला लागू नाही.

चार गियरच्या पेट्रोल हाफ-टनसाठी माझं मत असं की ३.०८ असेल तर ३.७३ करा, एकवीस टक्क्यांचा फरक पडतो, लगेच कळतो. ३.४२ असेल तर ३.७३ च्या फंदात पडू नका, नऊ टक्क्यांसाठी क्राऊन-पिनियन (एक्सलमधली रेशो ठरवणारी गियरची जोडी), बेअरिंग आणि सेटिंगची मजुरी तीच, मग ४.१० च घ्या. ३३ इंची टायर चढवलेत तर आधी तो हिशोब करा, २९ वरून ३३ ला गेलं की ३.४२ चा ३.०० च झालेला असतो. फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलचा रेशोही बदलावा लागतो, नाहीतर ट्रान्सफर केस गेला. डाना ४४ एक्सल असेल तर ३.७३ च्या वर जाताना कॅरियरही (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) वेगळा लागतो, तो धरून कोटेशन मागा. नव्या सेटवर पहिले पाचशे मैल ट्रेलर लावायचा नाही, आणि स्पीडोमीटरचं प्लॅस्टिकचं गियर विसरू नका, ४एल६०ई (७००आर४ चा कॉम्प्युटरवाला वारस) असेल तर ते काम कॉम्प्युटरमधून होतं.